घर बांधताना: जे झाकलं जाणार आहे, ते आधी बघून घ्या

बांधकाम सुरू झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर टाइल्स, दरवाजा, ओटा आणि रंगावर जाते. मालकाचाही सगळा जीव त्यातच गुंततो. पण या सगळ्या गोष्टी दहा वर्षांनी बदलता येतात. पायातली सळई, कॉलमच्या रिंगा, बाथरूमच्या फरशीखालचा पाइप, गच्चीच्या कोब्याखालचा थर हे एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही, आणि बिघडलं तर तोडफोड केल्याशिवाय हाती लागत नाही. म्हणून या लेखाचा क्रम एकाच हिशेबानं लावला आहे: कोणत्या टप्प्यावर काय झाकलं जातं, आणि त्याआधी मालकानं तिथं स्वतः उभं राहून काय बघायचं. डोळ्यांसमोर धरलंय ते तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला, स्वतःच्या प्लॉटवर बांधलेलं आठशे ते बाराशे चौरस फुटांचं आरसीसी घर.

जागेचे कागद

प्लॉट घेतला असेल किंवा वडिलोपार्जित असेल, तरी सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी काढून वाचा. मालकाच्या नावाइतकंच लक्ष ‘इतर हक्क’ या रकान्यावर हवं. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, बहिणींचे आणि चुलत्यांचे हक्क तिथंच सापडतात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली असेल, तर विक्रीला आणि वापर बदलायला आधी परवानगी लागते. जागा अकृषक आहे का, विकास आराखड्यात ती कोणत्या झोनमध्ये येते, तिच्यावरून नियोजित रस्ता जातो का, हे नगररचना कार्यालयात विचारा. स्वस्तात मिळणारे गुंठ्याचे तुकडे घेताना जास्तच जपा. असे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, पण प्रत्येक तुकडा त्यात बसतोच असं नाही. आणि कागद नीट नसतील तर बांधकाम परवानगी आणि गृहकर्ज दोन्ही अडतं.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा घ्या. शेजाऱ्याशी कितीही घरोबा असला तरी हद्दीच्या खुणा मोजणीदारासमोर कायम करा. कुंपणाच्या भिंतीवरून सुरू झालेली भांडणं दोन-दोन पिढ्या चालतात.

नदीकाठच्या गावात असाल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आलं होतं हे गावातल्या भिंतींवरच्या डागांवरून कळतं. जोत्याची उंची ठरवताना हे डाग बघितलेले हवेत.

नकाशाच्या आधी खड्डा

लोक आधी नकाशा काढतात आणि माती कशी आहे ते पाया खोदताना बघतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत पाच-सहा फुटांचे खड्डे घ्या आणि इंजिनिअरला दाखवा. घर मोठं असेल किंवा पुढं मजले चढवायचे असतील, तर माती तपासणीचा रीतसर अहवालच घ्या. त्याचा खर्च एकूण खर्चात नगण्य असतो.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर या भागांत काळी कापशी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात एप्रिल-मे महिन्यात ज्या भेगांत हात जातो, तीच माती घराखाली असते. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर दर वर्षी घर किंचित वर उचललं जातं आणि खाली बसतं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा पडतात आणि दारं अडकायला लागतात. उपाय म्हणजे काळी माती पार करून खालच्या कडक मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया नेणं. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगवटा असलेले, जमिनीत खोल उतरवलेले खांब (अंडररीम्ड पाइल) हा पर्याय इंजिनिअर सुचवतो. यांतलं काहीही केलं तरी खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. ट्रॅक्टरच्या खेपा वाचवायच्या म्हणून ती सर्रास भरली जाते आणि मग पाच-सात वर्षांत फरशी खचते किंवा फुगते.

कोकणात प्रश्न वेगळा. तिथं जांभ्याचा कातळ बहुतेक ठिकाणी चांगला आधार देतो, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि डोंगरउताराची माती यांचा विचार आधी करावा लागतो. उतार कापून सपाट केलेल्या जागेत अर्धं घर कापलेल्या भागावर आणि अर्धं भरावावर येत असेल, तर भरावाकडचं फुटिंगही मूळ जमिनीपर्यंत गेलंच पाहिजे.

नकाशा आणि त्याच्या मागचा हिशेब

आर्किटेक्ट खोल्या, उजेड आणि वारा बघतो. कॉलम-बीम किती जाडीचे, त्यात कोणती सळई, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांचीही फी द्यायला हवी. ‘आमच्या मिस्त्रीनं पन्नास घरं बांधलीत, त्याला सगळं कळतं’ असं म्हणून इंजिनिअरची फी वाचवली जाते. मिस्त्रीच्या हातात कसब असतं यात शंका नाही, पण तुमच्या मातीवर, तुमच्या खोल्यांच्या रुंदीला किती सळई लागते हे गणित आहे. ते न केल्यामुळे घरात कुठं गरजेपेक्षा जास्त लोखंड पडतं आणि नेमकं हवं तिथं कमी पडतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपात हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या होत्या, पण मातीत रचलेल्या दगडांच्या. आतलं-बाहेरचं अंग एकमेकांत न गुंफलेलं, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझं. जाडी होती, बांधणी नव्हती. आजच्या घरातही तोच मुद्दा आहे. प्लिंथ (जोतं), लिंटेल (दार-खिडक्यांचा माथा) आणि स्लॅब या तिन्ही पातळ्यांवर घर चारही बाजूंनी एकमेकांना बांधलेलं असलं पाहिजे. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेला मजला अशी रचना करायची असेल, तर इंजिनिअरला ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

पुढं किती मजले चढवणार हेही आजच सांगा. आता एका मजल्याचा पाया घालायचा आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी वर दोन मजले काढायचे, हे धोक्याचं आहे.

नकाशात आणखी काही गोष्टी बघा. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं. नागपूर-चंद्रपूरकडं तर मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं टाका आणि झोपायची खोली शक्यतो टाळा. पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून तिकडच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा ठेवा. बाथरूमं आणि स्वयंपाकघर एकमेकांजवळ किंवा वरखाली आली तर पाइपांची लांबी कमी होते आणि गळतीच्या जागाही. घरात वास्तू मानत असतील तर ज्यांचा शब्द चालतो त्यांना नकाशा कागदावर असतानाच दाखवा. कॉलम उभे राहिल्यावर ‘देवघर इकडं हवं’ म्हणून बीम तोडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मंजूर नकाशाशिवाय काम सुरू करू नका. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर परवानगी कोणाकडून घ्यायची ते ग्रामसेवकाला आधी विचारा. चारही बाजूंना किती जागा सोडायची हे याच टप्प्यावर नक्की होतं.

करार कागदावर

दोन पद्धती चालतात. एकात माल मालकाचा, ठेकेदाराची फक्त मजुरी. दुसऱ्यात मालासकट दर. घरातलं कोणी रोज साइटवर जाऊ शकत असेल तर पहिली पद्धत चांगली, कारण सिमेंट आणि सळई कोणती येते ते तुमच्या हातात राहतं. नोकरीमुळे लांब राहत असाल तर दुसरी पद्धत घ्या, पण मग सिमेंटचा प्रकार, सळईची ग्रेड, विटा, वायर, पाइप, फिटिंग आणि टाइल्सचा दर करारात एकेक करून लिहा. ‘चांगल्या कंपनीचं’ या शब्दाला काही अर्थ नसतो.

सर्वांत जास्त वाद चौरस फुटांवरून होतात. दर कशावर? स्लॅबच्या क्षेत्रावर की बांधलेल्या क्षेत्रावर? छज्जा, जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड त्यात धरलेत का? हे आधी लिहून ठेवलं की शेवटच्या महिन्यातला तंटा टळतो. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या: जोतं झालं की इतके, स्लॅब पडला की इतके, गिलावा झाला की इतके. प्रत्येक हप्ता झालेल्या कामापेक्षा थोडा मागेच राहू द्या, आणि पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. गवंड्याला सणावाराला उचल द्यावी लागते. ती जरूर द्या, माणसं टिकतात, पण वहीत सही घेऊन.

खर्चाचा अंदाज घेताना एक ठोकताळा हाताशी ठेवा. साध्या आरसीसी घराला दर हजार चौरस फुटांमागं साधारण चारशे पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन सळई लागते. इंजिनिअरच्या यादीत याहून फार वेगळे आकडे असतील तर कारण विचारा. हाताशी असलेल्या सगळ्या पैशांचा हिशेब आधीच लावून टाकू नका. दहा-पंधरा टक्के बाजूला राहू द्या, कारण खडक लागला, बोअर कोरडी गेली, लोखंडाचे भाव वाढले, यातलं काहीतरी होतंच.

दसरा-दिवाळीला सुरुवात करून पुढच्या मेअखेर स्लॅब आणि बाहेरचा गिलावा उरकणं हे आपल्याकडचं सोयीचं वेळापत्रक. मराठवाड्यात मार्चनंतर पाण्याची ओढाताण सुरू होते, म्हणून जास्त पाणी लागणारी कामं फेब्रुवारीपर्यंत आटोपण्याकडं कल ठेवा. काळ्या मातीत पाया उघडा टाकून पावसाळा काढू नका.

आखणी, पाया, जोतं

फक्कीनं आखणी झाली की काटकोन स्वतः तपासा. एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोन काटकोनात आहे. मोठ्या मापासाठी सहा-आठ-दहा घ्या. मग पूर्ण आयताचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. इथं दोन इंचांचा फरक राहिला तर तो थेट फरशीच्या तिरक्या तुकड्यांत दिसतो.

खड्डे खोदून झाले की इंजिनिअरनं तळ बघितल्याशिवाय पीसीसी, म्हणजे सळईशिवायच्या काँक्रीटचा तळथर टाकू देऊ नका. पायात झाकली जाणारी पहिली गोष्ट हीच. सगळ्या खड्ड्यांचा तळ कडक आहे का, कुठं जुनी विहीर, उकिरडा किंवा भराव लागला का, हे तेव्हाच कळतं. फुटिंगची जाळी पीसीसीवर थेट टेकलेली नसावी. तिच्याखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईभोवती काँक्रीटचं आवरण (कव्हर) राहावं म्हणून ठेवायचे ठोकळे हवेत. विटेचा तुकडा किंवा खडीचा दगड ठेवून भागवू देऊ नका. वीट पाणी ओढते आणि सळई तिथूनच गंजायला लागते.

जोत्याची भरणी मुरमानं करा, सहा ते आठ इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचं, मग पुढचा थर. एकदम तीन फूट भरून वरून पाणी सोडलं की भरणी वर घट्ट दिसते आणि आत पोकळ राहते. वाळवीची फवारणी याच वेळी, कोब्याच्या आधी. जोतं रस्त्यापासून निदान दोन फूट वर ठेवा. रस्ता दर वेळी नवा थर घेऊन चढत जातो, घर तिथंच राहतं.

माल बघून घेणं

सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात आणि वर्षी भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचा.

वाळूची चाचणी घरी होते. काचेच्या सरळ बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन-चार तास स्थिर ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती खेप परत पाठवा किंवा धुऊन घ्या. नदीची वाळू आता महाग आणि दुर्मिळ आहे. चांगल्या क्रशरची धुतलेली कृत्रिम वाळू काँक्रीटला उत्तम चालते. तिच्यात दगडाची भुकटी जास्त नसावी एवढं बघा. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी सळईच्या कामात नको, मीठ लोखंड खातं. वाळू-खडी ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपनं मोजून गुणाकार करा. ड्रायव्हरसमोर मोजलं की पुढच्या खेपा आपोआप भरून येतात.

सळई वजनावर विकली जाते, म्हणून वजन माहीत हवं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागला की एका मीटरचं किलोतलं वजन येतं. बारा मीटरच्या पूर्ण लांबीच्या सळईचं वजन असं भरतं: ८ मिमीची साधारण ४.७ किलो, १० मिमीची ७.४, १२ मिमीची १०.७ आणि १६ मिमीची सुमारे १९ किलो. दुकानदारानं टनावर दिलेल्या सळया मोजा आणि या आकड्यांनी गुणा. काट्यावरचं वजन या हिशेबापेक्षा फारच कमी भरत असेल तर माल पातळ आहे. ग्रेड एफई ५००डी घ्या. शेवटचा ‘डी’ महत्त्वाचा, कारण अशी सळई भूकंपात तुटण्याआधी वाकते आणि ताणली जाते.

विटा दोन हातांत घेऊन एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज हवा. चार फुटांवरून टाकली तर तुकडे होऊ नयेत.

स्लॅबचा दिवस

या दिवशी रजा टाका. सकाळी देवाचा नारळ फुटला की मिक्सर थांबत नाही, म्हणून तपासणी आदल्या दिवशी संध्याकाळी पूर्ण व्हायला हवी. इंजिनिअरला तेव्हाच बोलवा आणि त्याची लेखी मंजुरी घ्या.

आधी सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेकू. टेकू ओळंब्यात उभे आहेत का, खाली मऊ मातीवर टेकलेत का फळीवर? प्लेटांच्या फटी बुजवल्यात का? फटीतून सिमेंटचं पाणी गळलं की तिथं नुसती खडी उरते.

मग सळई. कॉलम आणि बीमच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आतल्या बाजूला, काँक्रीटच्या पोटात वळलेली असावीत आणि वळणानंतरचा सरळ भाग निदान ६५ मिलिमीटर असावा. फिटर घाईत ती काटकोनातच सोडतो. भूकंपात कॉलमवरचं कव्हर निघालं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. कॉलम आणि बीम जिथं मिळतात त्या सांध्यातही रिंगा हव्यात; बांधायला अवघड म्हणून नेमक्या तिथल्याच गाळल्या जातात. जोड देताना दोन सळया किमान व्यासाच्या पन्नासपट लांबीनं शेजारी असाव्यात, म्हणजे १२ मिमीला दोन फूट. सगळे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका. स्लॅबखाली २० मिमी, बीमखाली २५ आणि कॉलमला ४० मिमीचे कव्हर ब्लॉक बसवलेत का, ते वाकून बघा.

बाल्कनी आणि छज्ज्याकडं वेगळं लक्ष द्या. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना घमेली घेऊन जाणारी माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. सळई खाली गेली की ती बाल्कनी कागदावर कितीही भक्कम असो, प्रत्यक्षात अधांतरी आहे. सळईखाली लोखंडी घोड्या घालून घ्या, चालायला फळ्या टाका आणि बाल्कनीचा भाग ओतताना एक माणूस फक्त सळई वर आहे का हे बघायला उभा करा.

काँक्रीट साइटवरच करत असाल तर एम २० या ताकदीच्या ग्रेडच्या खाली जाऊ नका: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. पन्नास किलोच्या पोत्याचं माप साधारण पस्तीस लिटर भरतं. त्याच मापाची पेटी करून घ्या आणि पोत्यामागं दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी टाका. घमेल्यानं मोजलं तर मापं दुपारनंतर बदलत जातात. किनाऱ्याजवळ, समुद्राच्या वाऱ्यात घर असेल तर इंजिनिअरकडून एम ३० चं प्रमाण ठरवून घ्या आणि कव्हरही वाढवा.

पाण्यावर तुम्हाला खरं भांडावं लागेल. पोत्यामागं पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ काँक्रीट पसरायला सोपं जातं म्हणून मिक्सरवाला पाइप उघडा सोडतो. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं, मागं बारीक छिद्रं ठेवतं, आणि पावसाळ्यात त्याच छिद्रांतून स्लॅब पाझरतो. मिक्सरजवळ मापाची बादली ठेवा आणि घरातला एक माणूस तिथं बसवा. तयार काँक्रीटची गाडी मागवली तर प्लांटवर भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी, आणि साइटवर तिच्यात पाणी अजिबात घालू द्यायचं नाही.

व्हायब्रेटर दोन ठेवा. एक बंद पडतोच. शक्य असेल तर काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घ्या, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी जवळच्या प्रयोगशाळेत तपासता येतात.

स्लॅब कडक होऊ लागला की त्याच संध्याकाळी ओलं गोणपाट टाका. दुसऱ्या दिवशी वाळू-सिमेंटची छोटी आळी बांधून त्यात पाणी भरा. आजकालचं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलं असतं, त्याला किमान दहा दिवस, आणि मी म्हणेन चौदा दिवस, पाणी हवंच. कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा भिजवा. आडवी स्लॅब सगळे भिजवतात, उभा कॉलम विसरला जातो. चौदा दिवसांच्या आत बीमखालचे टेकू काढू नका, मोठ्या गाळ्याचे (दोन आधारांमधलं अंतर जास्त असेल तिथले) एकवीस दिवस ठेवा. बाल्कनीचे टेकू बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचे.

प्लेटा उतरल्यावर मिस्त्री लगेच सिमेंट लावून खड्डे बुजवायला घेतो. त्याला थांबवा, आधी इंजिनिअरला दाखवा. खडी उघडी पडलेली जागा किती खोल आहे आणि आतली सळई दिसते का, यावर दुरुस्ती ठरते.

भिंती, वायर, पाइप

लाल विटा भिजवून लावा. चार इंची पडदीला दर तीन-चार फुटांवर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा. एका दिवसात चार-पाच फुटांपेक्षा जास्त उंची चढवू देऊ नका. कॉलम-बीम आणि विटा जिथं मिळतात त्या रेषेवर गिलाव्याआधी कोंबडी-जाळी मारा, नाहीतर तिथंच बरोबर सरळ चीर येते.

वायरिंगमध्ये दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट भरलेला अर्थिंगचा खड्डा यावर तडजोड नको. ओल्या हातानं फ्रिजला लागणारा झटका हाच थांबवतो. पाण्याचे पाइप बुजवण्याआधी पंपानं दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर कुठंतरी गळती आहे.

गिलावा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरं दिसतील असा. खोलीचं नाव खडूनं भिंतीवर लिहिलेलं फोटोत येऊ द्या. पुढं ड्रिल मारताना वायर कुठं आहे हे सांगणारा दुसरा पुरावा नसतो.

ओलीच्या जागा

बाथरूमच्या खाली उतरवलेल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर झाला की नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. खालच्या खोलीतून छत बघा, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हात लावून बघा. कोरडं असेल तरच पुढची भरणी. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) झाल्यावरही हीच चाचणी करा. पाणी पाइपाकडं वाहतं का, मध्ये डबकी राहतात का, आणि पॅरापेटच्या मुळाशी गोल वळण दिलंय का, हे बघा. पॅरापेट आणि स्लॅबचा सांधा ही गळतीची पहिली जागा.

गच्चीचं पाणी वाया घालवू नका. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावातही हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. गाळणीतून ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडण्याचा पाइप आत्ताच टाकला तर स्वस्तात होतो. सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा मात्र विहीर-बोअरपासून निदान साठ फूट लांब, आणि शेजाऱ्याची बोअर कुठं आहे तेही बघून.

काळ्या मातीतल्या घराभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, म्हणजे पायाजवळच्या मातीत पावसाचं पाणी मुरत नाही. मोठी झाडं भिंतीपासून लांब लावा.

बाहेरचा रंग गिलावा पूर्ण सुकल्यावर, शक्यतो दोन महिन्यांनी. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घ्या, घरपट्टीला नोंद करा, आणि मंजूर नकाशा, इंजिनिअरची सळईची रेखाचित्रं, ठोकळ्यांचे अहवाल आणि भिंतींचे फोटो एका फाइलमध्ये घालून त्याची एक प्रत घराबाहेर, भावाकडं किंवा बहिणीकडं ठेवा.